सोमवारी पाच वाजता

लाइपझिग,
१० ऑक्टोबर

प्रिय पप्पा आणि आई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

पप्पा, वहीच्या पानावर लिहून, फोटो काढून तुम्ही पाठवलेलं पत्र मी या आठवड्यात तीनदा वाचलं. उत्तर फोनवरच द्यायचं ठरवलं होतं. पण फोनवर तुमच्या गुडघ्याची चौकशी होते, आईचं 'जेवलीस का' होतं, आणि जे बोलायचं ते राहून जातं. आज सुट्टी आहे, म्हणून बसून लिहितेय. हे पत्र संदेशलाही वाचायला द्या. त्याच्यासाठीही लिहितेय.

तुम्ही कळवलंत की २६ जानेवारीच्या उपासनेत देशासाठीची प्रार्थना चालवायला पाळकसाहेबांनी तुम्हाला सांगितलंय. आणि संदेश म्हणतो, मी त्या दिवशी येणार नाही. जिथे आपल्याला सारखं परकं म्हणतात त्या देशासाठी गुडघे कशाला टेकायचे? मग शेवटच्या ओळीत तुम्ही मला विचारलंत: तू तिकडचं नागरिकत्व घेतलंस, तर प्रार्थनेत 'आमचा देश' म्हणताना तुझ्या मनात कोणता देश येईल?

रागाने विचारलं नाहीत, हे अक्षरावरून कळतं. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्याबरोबर ड्यूटीला येतो आणि माझ्याबरोबर घरी परततो.

काल ९ ऑक्टोबर होता. हा या शहराचा मोठा दिवस. माझी ड्यूटी दुपारी संपली आणि मी सरळ निकोलाय चर्चला गेले. मागे तुम्हाला फोटो पाठवला होता तेच, ज्याचे खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे उलगडतात. बाराव्या शतकात बांधायला घेतलेलं चर्च आहे. दारावर लिहिलेलं असतं, 'सर्वांसाठी खुलं'. दर सोमवारी संध्याकाळी पाचला इथे शांतीसाठी प्रार्थना होते, १९८२ पासून. ९ ऑक्टोबरला वार कुठलाही असो, ती होतेच. काल बसायला जागा नव्हती, मी खांबाला टेकून उभी राहिले.

आमच्या वॉर्डात वयाने मोठ्या एक सिस्टर आहेत. १९८९ साली त्या वीस वर्षांच्या होत्या, नर्सिंग शिकत होत्या. त्यांनी मला सांगितलेलं तुम्हाला सांगते. तेव्हा हा पूर्व जर्मनी. एकाच पक्षाचं राज्य, पश्चिमेकडच्या देशांत जायला बंदी, शेजारी काय बोलतो ते कुणीतरी लिहून वर कळवतोय ही भीती. चर्चला येणारे आधीच थोडे. तरुण मुलं कोटाच्या बाहीवर एक गोल कापडी बिल्ला लावायची, त्यावर मीखाच्या चौथ्या अध्यायातली ओळ होती: तलवारी मोडून त्यांचे फाळ करतील. कागदावर छापायला सरकारी परवानगी लागायची, कापडावर छापायला नाही, म्हणून तो कापडावर छापला होता. पोलिसांनी तो बिल्ला काढायला लावला की काही मुलं बाहीला पडलेलं भोक तसंच ठेवून फिरायची. बघणाऱ्याला कळायचं तिथे काय होतं ते.

त्या वर्षी ९ ऑक्टोबरला सोमवार होता. शहरात शस्त्रं घेतलेली माणसं आणून ठेवली होती. चार महिन्यांपूर्वीच चीनमध्ये तियानआनमेन चौकात गोळ्या झाल्या होत्या आणि इथलं सरकार त्याचं समर्थन करत होतं. हॉस्पिटलांमध्ये जादा खाटा आणि रक्ताच्या बाटल्या तयार ठेवायला सांगितलंय, अशी कुजबुज होती. सिस्टर म्हणाल्या, आम्ही शिकाऊ मुली एकमेकींकडे बघत होतो, कारण त्या खाटांवर कोण येणार हे आम्हाला माहीत होतं. आमचेच भाऊ.

आणि निकोलाय चर्चमध्ये काय झालं? लोकांनी जागा अडवू नये म्हणून पक्षाने आपलीच शेकडो माणसं दुपारपासून बाकांवर आणून बसवली होती. पाळक होते रेव्हरंड क्रिस्तियान फ्यूरर. त्यांनी कुणालाही उठवलं नाही. दारावर सर्वांसाठी खुलं असं लिहिलं होतं, म्हणजे ते यांच्यासाठीही होतं. मग त्या माणसांनी डोंगरावरचं प्रवचन ऐकलं. 'जे शांती करणारे ते धन्य.' यातल्या कित्येकांनी हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकले असतील. त्या संध्याकाळी शहरातल्या चार चर्चांत प्रार्थना झाली. लोक बाहेर आले तेव्हा रस्ते भरले होते. सत्तर हजारांहून जास्त माणसं, हातात मेणबत्त्या. फ्यूरर पुढे सांगायचे की मेणबत्ती धरायला दोन्ही हात लागतात, एका हाताने धरायची आणि दुसऱ्याने वाऱ्यापासून जपायची, मग दगड उचलायला हात उरतच नाही. गोळी सुटली नाही. महिन्याने बर्लिनची भिंत उघडली.

पप्पा, सात वर्षांपूर्वी आयुष्य मला इथे घेऊन आलं ते नोकरीसाठी. प्रार्थनेबद्दल काही शिकायला मिळेल असं मनात नव्हतं. पण देशासाठी प्रार्थना म्हणजे काय हे मला या शहरात नव्याने कळलं. त्याची एक बाजू ही. दुसरी बाजू फार वाईट आहे, ती सांगितल्याशिवाय पहिली खरी वाटणार नाही.

मागच्या वर्षी जुन्या वस्तूंच्या बाजारात मी एका सैनिकाच्या पट्ट्याचं बक्कल पाहिलं. पितळी, मध्ये मुकुट आणि भोवती अक्षरं: 'गॉट मिट उन्स'. मी जर्मनमधून मनातल्या मनात मराठी केलं आणि तिथेच थांबले. आम्हांबरोबर देव. पप्पा, हे तर इम्मानुएल! मत्तयाचा पहिला अध्याय. नाताळात संडेस्कूलची पोरं पाठ म्हणतात ते वचन, माणसं मारायला निघालेल्यांच्या कमरेला. पहिल्या महायुद्धात होतं, आणि पुढे हिटलरच्या सैन्याच्या बकलावरही होतं, तेव्हा मुकुटाच्या जागी गरुड आणि स्वस्तिक. देवाला आपल्या पलटणीत भरती करून घेतला की असं होतं.

आपल्या नगरचा याच्याशी संबंध आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना धरून नगरच्या छावणीत ठेवलं होतं. त्यांत व्यापारी होते तसे मिशनरीही होते. पुढे त्यांतल्या अनेकांना गोलकोंडा नावाच्या बोटीने मायदेशी पाठवलं. विचार करा, छावणीच्या आत जर्मन मिशनरी आपल्या देशासाठी प्रार्थना करतोय, आणि तारेबाहेर इंग्रज अधिकारी चर्चमध्ये आपल्या बादशहाच्या विजयासाठी. देव एकच, पवित्र शास्त्रही एकच. आजोबा सांगायचे ते आठवतं ना, की त्यांच्या लहानपणी गावच्या उपासनेत बादशहासाठी प्रार्थना व्हायची आणि सत्तेचाळीस साली एका रविवारी ती बदलली, तेव्हा म्हातारे डिकन त्या ओळीवर येऊन अडखळले आणि मग 'आमचे' हा शब्द मोठ्याने म्हणाले? मिशनरी गेले, म्हणून जर्मन मिशनने उभं केलेलं छोटा नागपूरचं गॉसनर चर्च १९१९ मध्ये स्वतःच्या पायावर उभं राहिलं. तारेच्या दोन्ही बाजूंच्या कुणी मागितलं नव्हतं ते देवाने दिलं.

हिटलरच्या काळाबद्दल मी थोडक्यात लिहिते, तुम्ही ते शिकवलंयत. फक्त चर्चचं काय झालं ते आपल्याकडे फारसं सांगत नाहीत. 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवून घेणारी एक चळवळ प्रोटेस्टंट चर्चमध्येच उभी राहिली. नोव्हेंबर १९३३ मध्ये बर्लिनला वीस हजारांच्या सभेत त्यांचा वक्ता म्हणाला की यहुद्यांचा जुना करार काढून टाका. यहुदी रक्ताच्या पाळकांना चर्चमधून काढायचे ठराव झाले. राष्ट्र आणि रक्त वर, बाप्तिस्मा खाली. याला विरोध करणाऱ्यांनी मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जाहीरनामा काढला, की आम्ही ऐकायचा तो देवाचा एकच शब्द, येशू ख्रिस्त. दुसरा कुठलाही पुढारी नाही. जुना करार काढून टाकला असता तर यिर्मया गेला असता आणि दानीएलही गेला असता. म्हणजे देशासाठी प्रार्थना कशी करायची हे शिकवणारेच गेले असते.

एका माणसावर मात्र मला थांबायचंय. दीत्रिख बोनहोफर, हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक. अहिंसा शिकायला गांधीजींकडे यायची त्याची इच्छा होती; १९३४ मध्ये गांधीजींनी त्याला या म्हणून पत्रही पाठवलं होतं. येणं झालं नाही. जून १९३९ मध्ये मित्रांनी त्याला सुरक्षित राहावा म्हणून न्यूयॉर्कला नेलं. वय तेहतीस. राहायला जागा होती, काम होतं, युद्ध दाराशी आलं होतं. आणि महिनाभरात तो परत निघाला. आपल्याला बोलावणाऱ्या प्राध्यापकांना त्याने कळवलं ते साधारण असं: या काळातली संकटं मी माझ्या लोकांबरोबर सोसली नाहीत, तर युद्धानंतर तिथलं ख्रिस्ती जीवन पुन्हा उभं करण्यात भाग घ्यायचा मला हक्क राहणार नाही. तो परतला. १९४३ मध्ये पकडला गेला, आणि ९ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, त्याला फाशी दिलं. सांगतात की युद्ध चालू असताना जिनिव्हात मित्रांनी त्याला विचारलं, तू कशासाठी प्रार्थना करतोस? तो म्हणाला, माझ्या देशाच्या पराभवासाठी.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. याहून जास्त कुणी आपल्या देशावर प्रेम केलं असेल असं मला वाटत नाही. बकलाची प्रार्थना म्हणते, देव आमच्या बाजूला आहे. हा माणूस देवाच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिथून आपल्या लोकांसाठी रडला.

आणि पप्पा, तो परत गेला. मी परत आलेले नाही. हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या प्रश्नाच्या खाली ते आहे, आणि माझ्या उत्तराच्या खालीही आहे. इथे माझ्यावर कुणी संकट आणलेलं नाही आणि तिथे युद्ध नाही, मी स्वतःला त्याच्या शेजारी बसवत नाहीये. तरी रात्रपाळीत तीन-चारच्या सुमारास, वॉर्ड शांत असतो तेव्हा, तो मला विचारतो.

युद्धानंतरची एक गोष्ट तुमच्या प्रार्थनेसाठी महत्त्वाची आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये उरलेसुरले चर्चचे पुढारी श्टुटगार्टला जमले आणि त्यांनी पापाची कबुली दिली. त्यांत तुरुंगात आणि छळछावण्यांत वर्षं काढलेलेही होते. त्यांतले पाळक नीमोलर तर जवळजवळ आठ वर्षं आत होते. हे म्हणू शकले असते की आम्ही नव्हतो, ते होते. ते म्हणाले 'आम्ही'. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक उत्कटतेने प्रीती केली नाही. त्या कबुलीत यहुद्यांचं नावही नाही, साठ लाख माणसं मारली गेली त्यांचं. ही तिची मोठी उणीव आहे आणि इथले लोकच ती आता मोकळेपणाने सांगतात. पण हा 'आम्ही' त्यांच्याआधी कुणी म्हटला होता ते तुम्हाला माहीत आहे. दानीएल, नववा अध्याय. दानीएलाने यरुशलेमेचं काय वाईट केलं होतं? पोरवयात त्याला धरून बाबेलला नेलं. सगळं आयुष्य परक्या दरबारात चाकरी केली, तिथली भाषा शिकला, तिथलं नाव लावलं. आणि म्हातारपणी गोणपाट नेसून, राख लावून तो म्हणतो, आम्ही पाप केलं. ते नाही, आम्ही.

आता संदेश, तुझ्याशी बोलते.

तुझा राग खोटा नाही. पप्पांनी आपल्याला लहानपणापासून एक गोष्ट सांगितलीय, हरेंद्रकुमार मुखर्जींची. बंगाली ख्रिस्ती, संविधान सभेचे उपाध्यक्ष. १९४९ मध्ये अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा नकोत हा ठराव त्यांनी स्वतः मांडला. आम्हाला वेगळं कुंपण नको, शेजाऱ्यांवर आमचा भरवसा आहे. पप्पा हे सांगताना खुर्चीत ताठ बसतात. आणि तू दरवेळी दुसरी गोष्ट सांगतोस, तीही खरी आहे. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, अनुसूचित जातींच्या यादीचा आदेश निघाला आणि ख्रिस्ती झालेले आपले लोक तिच्याबाहेर राहिले. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध आले. आपल्या पणजोबांनी जे चटके खाल्ले ते बाप्तिस्म्याने पुसले गेले असं कागद म्हणतो. गावाने कधी म्हटलं नाही. शाळेत तुला 'इंग्रजांचं पिल्लू' म्हणून चिडवलं होतं तेव्हा मी भांडायला आले होते, आठवतं? आपल्या घरात इंग्रजी धड कुणाला येत नव्हतं.

पण 'आम्ही' म्हणायचं तर तिथेच थांबता येत नाही. आपल्या मंडळीत लग्नं कशी जुळतात, संदेश? कोण कुठल्या वाड्यातून आलं हे तीन पिढ्यांनंतरही कुणाला विसरायला होतं का? प्रभुभोजनाला एका ओळीत गुडघे टेकतो आणि सोयरिकीला वेगळ्या ओळी. हा देशाचा आजार आपण चर्चच्या आत आणून ठेवला आणि त्यावर पांढरा कपडा घातला. म्हणून देशासाठी प्रार्थना करताना आपण वैद्याच्या खुर्चीत बसू शकत नाही. आपण त्याच खाटेवर आहोत.

आणि परकं म्हणणाऱ्यांचं म्हणशील तर पंडिता रमाबाईंना आठव. पप्पांनी आपल्याला दौंडजवळच्या केडगावला नेलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या धर्मभगिनींना वाटलं की आता ही आपल्यासारखी होईल. रमाबाईंनी विचारलं, क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे? मोठ्या कष्टाने एका पुरोहितशाहीचं जोखड काढलंय, आता दुसरं घेणार नाही, असं त्यांनी त्यांतल्या एका इंग्रज धर्मभगिनीला लिहून कळवलं. इकडे त्यांना लोक बाटगी म्हणत होते, तिकडे हट्टी. आणि त्या परत येऊन दुष्काळातल्या, टाकून दिलेल्या मुलींना जेवू घालत राहिल्या. देशावर प्रेम आहे याचा दाखला त्यांनी कुणाकडे मागितला नाही आणि कुणाला दिलाही नाही.

'जा परत आपल्या देशात' हे मला इथेही ऐकावं लागलंय. ट्रॅममध्ये, युनिफॉर्म पिशवीत होता, बारा तासांची ड्यूटी करून येत होते. १९८९ मध्ये रस्त्यावर लोक म्हणायचे, 'आम्हीच जनता आहोत'. तेव्हा ते बंदुका रोखणाऱ्या सरकारला म्हणत होते. पंचवीस वर्षांनी शेजारच्या ड्रेस्डेनमध्ये, तेही सोमवारीच, मोर्चे निघाले आणि तीच घोषणा परक्या देशांतून आलेल्यांविरुद्ध दिली गेली. शब्द तेच, पण मागच्या वेळी त्यांच्या आधी एक तास प्रार्थना झाली होती. शांती करणाऱ्यांची वचनं ऐकून लोक रस्त्यावर आले होते. तो तास काढून टाकला की घोषणा काय होते, हे मी ट्रॅममध्ये पाहिलं. त्याच ट्रॅममधली एक म्हातारी बाई उठून माझ्या शेजारी येऊन बसली. काही बोलली नाही. माझा स्टॉप येईपर्यंत बसून राहिली.

पप्पा, आता तुमचा प्रश्न.

नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले की पास. मी पास झालेय. जर्मनीच्या कायद्याने २०२४ पासून जुनं नागरिकत्व ठेवता येतं. आपल्या कायद्याने येत नाही. हे घेतलं की ते गेलं, पासपोर्ट परत द्यायचा. अर्ज टेबलावर आहे, सही केलेली नाही. मला इथल्या निवडणुकीत मत द्यायचंय, कारण मी या शहरातल्या आजाऱ्यांना रोज उचलते, पुसते, त्यांच्या मुलांना वाईट बातम्या सांगते, आणि हे शहर कुठे चाललंय याची मला काळजी वाटते. यिर्मयाने बाबेलला गेलेल्यांना हेच तर लिहिलं. घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित आहे. बाबेलचे झेंडे नाचवा असं नाही लिहिलं. यरुशलेम विसरा असंही नाही. दानीएलाने तेच केलं. बाबेलचं काम चोख केलं आणि माडीवरची खिडकी यरुशलेमेकडे उघडी ठेवली. दिवसातून तीनदा.

'आपले नागरिकत्व तर स्वर्गात आहे' हे फिलिप्पैकरांस लिहिलेलं वचन मी लहानपणी चुकीचं समजायचे. वाटायचं, म्हणजे इथल्या भानगडींशी आपल्याला काय करायचंय. आता उलट वाटतं. ज्याचं खरं घर पक्कं आहे त्यालाच दुसऱ्या घरासाठी भीती न बाळगता काम करता येतं. पासपोर्ट निळा राहिला काय किंवा तांबडा झाला काय, मला त्यातून माझं मोल काढायचं नाहीये. पण हे लिहिताना हात थरथरतोय, हेही खरं. त्या निळ्या पुस्तकात जन्मस्थान म्हणून तुमचं शहर लिहिलंय. ते देऊन टाकताना मला रडू येईल आणि ते मी लपवणार नाही.

तर उत्तर. 'आमचा देश' म्हणताना माझ्या मनात पहिल्यांदा काय येतं ते सांगते: आपल्या चर्चचं अंगण, पंधरा ऑगस्टला तुम्ही दोरी ओढताय, झेंड्यातून फुलं पडतायत, मग बुंदीचे लाडू आणि आत जाऊन प्रार्थना. इथे चर्चमध्ये झेंडा दिसत नाही. जे घडून गेलं त्यामुळे लोक त्याबाबतीत फार जपून असतात. आपल्या २६ जानेवारीला झेंडा वर जातो, आणि दुसऱ्याच दिवशी, २७ ला, हा देश औशवित्झची छळछावणी आठवून मान खाली घालतो. मला वाटतं दोन्ही दिवस एकमेकांच्या शेजारी आहेत ते माझ्यासाठी बरं आहे. पहिल्या दिवशी मी तुमच्याबरोबर उपकारस्तुती करते, की दगडफोड्याच्या पणतीला मत देता येतं आणि नर्स होता येतं, असं संविधान आम्हाला मिळालं. दुसऱ्या दिवशी मी इथल्या लोकांबरोबर गप्प उभी राहते.

२६ जानेवारीची प्रार्थना तुम्हीच लिहाल, मी काही सांगावं असं नाही. फक्त एक मागणं आहे. पौलाने तीमथ्याला राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं, ती रोमी सत्ता होती, जिने प्रभूला क्रुसावर दिलं. तेव्हा राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री यांची नावं घ्याच, आपण मत दिलेलं असो वा नसो. पण त्यांच्यानंतर लगेच आमेन म्हणू नका. ज्यांची घरं पाडली गेली, ज्यांच्या प्रार्थनेच्या जागी दगड पडले, मग ते आपले असोत की दुसऱ्यांचे, त्यांचं नाव घ्या. ऊसतोडीला गेलेल्या बाया आणि त्यांची शाळा सुटलेली पोरं यांचं घ्या. सीमेवरच्या आपल्या पोरांचं घ्या आणि पलीकडच्या आयांचंही. आणि एक ओळ 'आम्ही पाप केलं' अशी ठेवा. ती ओळ असेल तर संदेश येईल असं मला वाटतं. ज्या प्रार्थनेत खरं बोलता येतं तिथे तो नेहमी आलाय.

निकोलाय चर्चमध्ये सोमवारची प्रार्थना पाचला सुरू होते, तेव्हा तुमच्याकडे साडेआठ वाजलेले असतात, घरच्या प्रार्थनेची वेळ. ज्या सोमवारी ड्यूटी नसेल त्या सोमवारी मी तिथे खांबापाशी असेन. आधी जर्मनमध्ये त्यांच्याबरोबर, मग हळू आवाजात मराठीत. तुम्ही नगरहून इथल्यासाठी एक वाक्य म्हणा, मी इथून तिथल्यासाठी म्हणेन. त्या म्हाताऱ्या बाईसाठी म्हणा, तिचं नाव मला माहीत नाही. आणि ट्रॅममधल्या त्या माणसासाठीही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. मग तुमचे साडेनऊ होतील. आईला तोवर झोप लागलेली असते, तिला उठवू नका.

गुडघ्याला तेल लावत राहा. आजीच्या पाया पडते.

तुमची,
सुवर्णा